वनौषधींचा भाव ओल्या वजनावर नको

महोदय,

करोनाच्या साथीपासून गुळवेलीची मागणी वाढली. जव्हार, मोखाडा, शहापूर भागातल्या कातकरी, वारली, ठाकर पाड्यांवर ओली वेल किलोच्या भावाने उचलली जाते तेव्हा तोडणारा ती बुंध्यासकट ओढतो, कारण बुंध्यालाच वजन असते. तिथली वेल पुन्हा फुटत नाही.

जाणते वैदू अशी तोडणी करत नाहीत. अंगठ्याएवढी जाड झालेलीच कांडी घ्यायची, जमिनीपासून हात-दीड हात बुंधा राखायचा आणि कोयत्याचा घाव एकदाच घालायचा. वरून सुतळीसारखी लोंबणारी मुळे तोडायची नाहीत. झाडावर राहिलेली वेल त्याच मुळांनी पुन्हा जमीन धरते. पावसाळ्यात तर तोडूच नये, कारण कांडीत पाणी फार असते आणि ढीग लावला की आतून काळी बुरशी धरते. बोटभर तुकडे करावेत, जाड असतील ते उभे चिरावेत आणि मांडवावर सावलीत पातळ पसरावेत. तुकडा वाकवल्यावर वाकला तर अजून ओला आहे, कट्‌कन मोडला तर वाळला. पाच किलो ओल्या वेलीची जेमतेम किलो-सव्वा किलो सुकी भरते. सुक्या मालाला ओल्याच्या पाचपटीहून जास्त भाव नसेल, तर वाळवण्याचे कष्ट कोण घेईल?

ओळखीचा प्रश्न याहून गंभीर आहे. गुळवेलीची पापुद्र्यासारखी साल नखाने खरवडली की आत हिरवे दिसते. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक वेल आहे. तिच्या खोडावर ठसठशीत गाठी असतात आणि ती तोडली की दुधी चीक येतो. मुंबईत गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर या दुसऱ्या वेलीशी गफलत होऊ नये, असे आयुष मंत्रालयानेही सांगितले. पोत्यात तुकडे एकत्र झाल्यावर हा फरक कळणे अवघड जाते, म्हणून निवड तोडतानाच व्हायला हवी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी गुळवेलीचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण साखर जास्त उतरू शकते.

अर्जुनसादड्याचे नुकसान तर डोळ्यांनी दिसते. खोडाभोवती गोल साल काढली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळते. साल उभ्या पट्टीतच काढावी, घेराच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको, आणि आतला ओला थर खोडालाच राहू द्यावा. पुढची पट्टी दोन वर्षांनी, दुसऱ्या बाजूने. सफेद मुसळीचा पाला (पहिल्या पावसात जी फोडशीची भाजी करतो तीच) पिवळा पडून बी गळेपर्यंत कंदाला हात लावू नये. खणल्यावर डोळा असलेला माथा थोड्या कंदासह परत मातीत पुरावा.

2006 च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींसह गौण वनोपजाची (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची) मालकी आदिवासींना दिली आहे आणि सामूहिक वनाच्या वापराचे नियम करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. ग्रामसभांनी तोडणीचे हे नियम ठरावात घ्यावेत, खरेदी फक्त सुक्या, निवडलेल्या मालाची ठेवावी आणि माल पारखायला पाड्यावरच्या वैदूला मजुरी देऊन बसवावे. आदिवासी विकास विभागाने वाळवणीचे मांडव आणि कोरडी गोदामे पावसाळ्याआधी द्यावीत.

– जव्हार-मोखाडा भागातील वनौषधी संकलक