बोटीवरच्या आजोबांच्या लग्नाचा कागद

जर्सी सिटी, न्यू जर्सी

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार.

बोटीवरच्या आजोबांनी अमेरिकेत लग्न केलं होतं का, आणि ते इतक्या वर्षांनी कळेल का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. कळू शकतं, काका. मात्र त्यासाठी इथल्या कचेऱ्यांइतकीच आजोबांची पत्रं असलेल्या तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेचीही गरज आहे.

लग्नांची देशभराची एकच नोंदवही इथे नाही. वॉशिंग्टनला लिहून काहीच मिळत नाही. लग्न हा राज्याचा विषय, आणि प्रत्यक्ष कागद राहतो तो काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किंवा गावच्या क्लार्ककडे, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. देशात तीन हजारांवर काउंट्या आहेत. त्यामुळे ‘लग्न कधी झालं’ याच्या आधी ‘कुठे झालं’ हे विचारावं लागतं. केंद्राच्या आरोग्य खात्यातली सीडीसी ही संस्था कुठल्या राज्यात कुणाला लिहायचं याची यादी ठेवते, पण कागद तिच्याकडेही नसतात. खाजगी संकेतस्थळं मात्र भरपूर आहेत. तीच नक्कल ती जास्त पैसे घेऊन आणून देतात. आपल्या घरातल्या कुणीही त्यांना पैसे देऊ नयेत असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, इथे लग्नाचे कागद दोन असतात. लग्नाआधी दोघांनी क्लार्ककडे जाऊन परवाना काढायचा. मग लग्न लावणारा, पाद्री असो, न्यायाधीश असो की स्वतः क्लार्क, परवान्यावर सही करून तो परत पाठवतो. तो परत आला की लग्न नोंदलं जातं आणि दाखला मिळतो. नुसता परवाना सापडला तर लग्न करायचं ठरलं होतं एवढंच कळतं. उलट नुसत्या दाखल्यात नावं आणि तारीख यापलीकडे फारसं काही नसतं. आपल्याला हवा आहे तो परवान्याचा अर्ज. न्यूयॉर्क शहरात ही पद्धत 1908 पासून सुरू झाली. त्या काळच्या एकेका लग्नाच्या कागदांत दोघांनी शपथेवर दिलेली माहिती, परवाना आणि लग्न लावल्याचा दाखला असं सगळं एकत्र असतं. वय, धंदा, राहता पत्ता, जन्मस्थान, बापाचं नाव, आईचं माहेरचं नाव, हे कितवं लग्न, साक्षीदार कोण. आणि खाली दोघांच्या सह्या. आजोबांनी मोडीत सही केली असेल तर ती मला वाचता येणार नाही, तुम्हालाच वाचावी लागेल.

आता मला काय सापडलं ते सांगते. 1930 ची अमेरिकेची जनगणना सगळ्यांना खुली आहे. इथे जनगणनेचे कागद 72 वर्षांनी उघडतात. त्यात ब्रुकलिनमध्ये एक माणूस आहे. आडनाव आपल्या आडनावाच्या फार जवळचं, जन्म हिंदुस्थानात, काम बोटीवर, वय आजोबांच्या वयाशी जुळणारं. त्याच्या खालच्याच ओळीत बायको आहे. तिचा जन्म न्यूयॉर्कचा, आईवडील आयर्लंडचे. त्या वर्षीच्या जनगणनेत पहिल्या लग्नाच्या वेळचं वयही विचारत असत. त्यावरून लग्न 1925 च्या आसपास झालेलं दिसतं. तिचं पहिलं नाव स्वच्छ वाचता येतं, पण ते मी आज लिहीत नाही. हा माणूस आपलाच आहे अशी खात्री झाल्याशिवाय ते नाव घरात रुजायला नको. तिचं माहेरचं नाव तर त्या ओळीत नाहीच, तिथे नवऱ्याचंच आडनाव लावलं आहे. ते फक्त परवान्याच्या अर्जात मिळेल.

परवान्यांची 1908 ते 1929 ची सूची आज घरबसल्या फुकट पाहता येते. ती आपोआप खुली झालेली नाही. वंशावळींचा शोध घेणाऱ्यांची ‘रिक्लेम द रेकॉर्ड्स’ नावाची संस्था आहे. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा न्यूयॉर्क राज्याचा जो कायदा आहे, त्याच्या आधारे ही संस्था 2015 मध्ये कोर्टात गेली, सूचीच्या नकला मिळवल्या आणि सगळ्यांसाठी खुल्या करून टाकल्या. पुढे 2022 मध्ये शहराच्या म्युनिसिपल आर्काइव्हजने, म्हणजे जुन्या दप्तरांच्या कचेरीने, जन्म, लग्न आणि मृत्यूचे नव्वद लाखांहून जास्त जुने कागद स्वतःच संकेतस्थळावर चढवले. या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आपल्यासारख्या, इथे जुनं कुणी नसलेल्या घरांना त्यांच्यामुळे वाट सापडते.

मग अडलं कुठे? ही सूची बरोनुसार लावलेली आहे. न्यूयॉर्क शहराचे पाच भाग, म्हणजे मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड, यांना इथे बरो म्हणतात. आणि त्या काळच्या कायद्यानुसार परवाना काढायचा तो नवरी जिथे राहत असेल तिथल्या क्लार्ककडे. म्हणजे आजोबा कुठल्या धक्क्यावर उतरले, कुठल्या खोलीत राहिले, याचा इथे फारसा उपयोग नाही. त्यांच्या लग्नाचा कागद तिच्या पत्त्यावर शोधायचा आहे. आपल्या घरी शंभर वर्षांत जिची कुणी चौकशी केली नाही, तिचाच पत्ता आता लागणार आहे. ती नदीच्या या बाजूला, होबोकनला किंवा आमच्या जर्सी सिटीत राहत असेल, तर राज्यच बदललं. मग न्यू जर्सीच्या, ट्रेंटनमधल्या राज्य अभिलेखागारात विचारायला हवं.

नावाचाही प्रश्न आहे. बोटीवरून उतरलेल्या माणसाचं नाव कारकून कानाला ऐकू आलं तसं लिहायचा. आजोबांचं आडनाव मी सुचतील त्या सगळ्या प्रकारांनी पाहिलं. वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावलं असेल असं धरूनही पाहिलं, कारण आपल्याकडचं मधलं नाव इथल्या लोकांना कळत नाही. मॅनहॅटनची सूची बघून झाली, तिथे ते नाहीत. ब्रुकलिनची चालू आहे.

हे लग्न फक्त वंशावळीतली एक ओळ म्हणून मी शोधत नाही. 1922 मध्ये इथे केबल कायदा आला. त्याआधी परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जायचं. या कायद्याने ते बऱ्याच जणींचं राखलं, पण ज्या नवऱ्याला नागरिक होताच येत नाही त्याच्याशी लग्न केलं तर मात्र ते जायचंच. आणि 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदुस्थानी माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही. बायकांचं नागरिकत्व घालवणारी ही अट 1931 मध्ये गेली. म्हणजे 1925 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या मुलीने आपल्या आजोबांशी लग्न केलं असेल, तर जन्मभूमीतच तिचं नागरिकत्व गेलं. पुढे तिने ते परत मिळवायला अर्ज केला असेल, तर तो कागद लग्नाच्या दप्तरात नसून फेडरल कोर्टाच्या दप्तरात किंवा नॅशनल आर्काइव्हजमध्ये असेल. तिथेही मी बघणार आहे. ज्या बाईने आपल्या माणसासाठी एवढं सोसलं असेल, तिचं नाव तिच्या आईच्या नावासकट वंशावळीत यायला हवं, काका. नुसतं ‘पत्नी, अमेरिकन’ असं लिहून मला चालणार नाही.

ताईच्या दाखल्याबद्दल काकूने विचारलं होतं. ते सोपं आहे. तिचं लग्न ब्रुकलिनच्या सिटी क्लार्ककडे झालं, तेव्हा नक्कलही सिटी क्लार्ककडूनच मिळेल. पन्नास वर्षांच्या आतली नोंद इथे कुणालाही देत नाहीत. ती नवराबायकोला मिळते, किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेल्याला. तेव्हा अर्ज तिनेच करायचा. भारतात दाखवायचा असल्याने साधा दाखला नको, परदेशासाठीचा विस्तृत दाखला मागायचा. त्यावर आधी मॅनहॅटनच्या काउंटी क्लार्कचं साक्षांकन आणि मग न्यूयॉर्क राज्याच्या खात्याचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून दिलेलं प्रमाणपत्र, घ्यायचा. क्रम बदलला की कागद परत येतो. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे अपोस्टिल झाल्यावर वकिलातीच्या शिक्क्याची गरज नसते. तिला मी वेगळं सविस्तर लिहीन.

आता ट्रंक. आजोबांच्या पत्रांपेक्षा मला त्यांची पाकिटं जास्त हवी आहेत. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि टपालाचा शिक्का. 1930 च्या आसपासच्या एखाद्या पाकिटावर जनगणनेतली गल्ली आणि घराचा नंबर निघाला, तर तो माणूस आपलाच. 1925 च्या आधीचं पाकीट मिळालं तर फारच बरं, कारण तेव्हा ते कुठल्या भागात वावरत होते ते कळेल, आणि तीही तिथलीच असण्याचा संभव आहे. सुटाबुटातल्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे का तेही बघा. एखादं कार्ड किंवा चिठ्ठी इंग्रजीत, वेगळ्या अक्षरात असेल, तर ती तिची असू शकेल. अशी चिठ्ठी हातात आली तर आधी मला फोन करा, रात्र असली तरी चालेल.

तिकिटं सोडवू नका आणि पाकिटं पुसू नका. प्रत्येकाचे दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून पाठवा. शिक्का पुसट असला तरी काढा, इथे मोठा करून वाचता येतो. जिना चढायला धाकट्याला सांगा, तुम्ही स्वतः माळ्यावर जाऊ नका.

काकूला आणि आत्याला नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमची पुतणी