बाथरूम नूतनीकरणाच्या सदोष आराखड्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बाथरूमचा सदोष आराखडा रद्द करून भरलेली रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

ठाण्यात नौपाड्याला एका जुन्या इमारतीत चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर आमचे घर आहे. माझी आई 79 वर्षांची आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती वॉकर घेऊन चालते. तिला कुणाचा हात न धरता बाथरूममध्ये जाता-येता यावे, एवढ्या एका कारणासाठी आम्ही जुने बाथरूम तोडून नवे करायचे ठरवले आणि काम आपल्या कंपनीकडे दिले. हे कारण मी पहिल्याच भेटीत सांगितले होते. आपल्या प्रतिनिधीने ते फॉर्मवर लिहूनही घेतले: ‘ज्येष्ठ महिला, वॉकर, आधाराच्या दांड्या हव्यात, दार बाहेर उघडणारे’. त्या फॉर्मची प्रत माझ्याकडे आहे. त्या बोलण्यावर विश्वास ठेवून मी आराखड्याचे 25,000 रुपये आणि सामानाची आगाऊ रक्कम म्हणून 60,000 रुपये भरले.

आराखडा म्हणून आपण रंगीत चित्रे पाठवली. पाइप कुठून कुठे जाणार, फरशीला ढाळ कुठल्या दिशेने, नळ जमिनीपासून किती उंचीवर, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. मापे घ्यायला आलेला मुलगा शांत आणि नम्र होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याने लेझरने चार भिंती मोजल्या आणि तो निघाला. ट्रॅपची, म्हणजे सांडपाणी वाहून जाण्याच्या तोंडाची, जाळी उचलून पाहिली नाही, कमोडचा आउटलेट भिंतीपासून किती अंतरावर आहे ते मोजले नाही, शाफ्टची, म्हणजे इमारतीचे पाइप ज्या उभ्या पोकळीतून उतरतात तिची, खिडकी उघडली नाही. ज्यांनी डिझाइन केले ते तर घरी आलेच नाहीत.

सर्वांत आधी दाराबद्दल लिहिते, कारण माझ्या जिवाला तेच लागले आहे. चित्रात दार आत उघडते. आमचे बाथरूम सात फूट बाय साडेचार फूट. आत आई पडली आणि तिचे अंग दाराला टेकले, तर बाहेरून आम्ही दार ढकलायचे कसे? तिलाच लागेल. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टने हेच बजावले होते: दार बाहेर उघडले पाहिजे आणि कडी बाहेरूनही निघाली पाहिजे. फॉर्मवर स्पष्ट लिहिलेली गोष्ट चित्रात उलटी आली. मी फोन केला, तर ‘बाहेर उघडले की पॅसेजचा लुक जातो’ असे उत्तर मिळाले.

आधाराच्या दांडीचेही तसेच. कमोडच्या उजव्या हाताला आपण काचेचे पार्टिशन दाखवले आहे, म्हणजे त्या बाजूला दांडी बसवायला भिंतच उरत नाही. डाव्या भिंतीवर एक चकचकीत दांडी दिसते. तिच्यापुढे कोटेशनमध्ये ‘टॉवेल रॉड, 24 इंच’ असे लिहिले आहे. उठताना माणूस सगळा भार त्या दांडीवर टाकतो. टॉवेल रॉडचे दोन छोटे स्क्रू तो भार पेलणार नाहीत, हे बाथरूमची कामे करणाऱ्या कंपनीला मी सांगायला हवे होते का? त्यात पार्टिशन आणि भिंत यांच्यामध्ये आत शिरायला 22 इंच जागा ठेवली आहे. आईचा वॉकर त्यातून जात नाही. मी टेप लावून पाहिले.

कमोड वॉल-हंग, म्हणजे भिंतीला टांगलेला, दाखवला आहे. दिसायला छान आहे, खालून फरशी पुसता येते, हे मान्य. पण त्याचा आउटलेट मागच्या भिंतीत लागतो आणि आमच्याकडे जुना एस-ट्रॅप आहे, म्हणजे आउटलेट खाली जमिनीत उतरतो, भिंतीपासून नऊ इंचांवर. तो हलवायचा तर फरशीखालचा कोबा फोडून, ढाळ सांभाळून शाफ्टपर्यंत नवा पाइप न्यावा लागेल. शिवाय लपवलेल्या फ्लशच्या टाकीची फ्रेम मागच्या चार इंची भिंतीत मावतच नाही. भिंतीपुढे वेगळा ओटा बांधावा लागेल आणि चित्रात कमोडपुढे जी मोकळी जागा दिसते ती तेवढ्या इंचांनी कमी होईल. कोटेशनमध्ये या सगळ्याबद्दल एकच ओळ आहे: ‘प्लंबिंगमधील बदल प्रत्यक्ष खर्चानुसार’. खर्चाचा सर्वांत मोठा भाग असा मोकळा सोडला, तर त्या कोटेशनला मी अंदाजपत्रक का म्हणावे?

फरशीसाठी दोन बाय चार फुटांच्या ग्लॉसी टाइल्स निवडल्या आहेत. साधारण ऐंशीला एक असा ढाळ धरला, तर सात फुटांत जवळपास एक इंच उतार येतो, आणि तो कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपकडे दोन्ही बाजूंनी आणायचा असतो. एवढी मोठी टाइल आडवे-तिरके काप दिल्याशिवाय तशी बसत नाही. काप दिले नाहीत तर मधोमध पाणी साचते, आणि ग्लॉसी टाइलवर साबणाचे पाणी म्हणजे आईसाठी थेट धोका. आम्हाला फूट बाय फूटची, खरखरीत, मॅट टाइल हवी होती. तीही मी सांगितली होती.

वर मोठा रेन शॉवर आहे. आमच्या इमारतीत पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते आणि आम्ही तिच्या लगेच खाली राहतो. शॉवरपासून टाकीतले पाणी जेमतेम दहा फूट वर, म्हणजे दाब 0.3 बारच्या आसपास. आपण निवडलेल्या शॉवरच्या माहितीपत्रकात किमान 1 बार दाब हवा असे छापले आहे, त्यासाठी पाणी दहा मीटर उंचीवर लागते. अगदी तळमजल्यावर कदाचित तो चालला असता. सामायिक लाइनवर पंप बसवायला आमची सोसायटी परवानगी देत नाही. आई स्टुलावर बसून अंघोळ करते, तिला बसल्या जागी हाताशी येणारा हँड शॉवर आणि बादलीचा नळ हवा आहे. चित्रात यांपैकी काहीच नाही.

वॉटरप्रूफिंगचा प्रश्न तर आमच्या खालच्या घराशीही जोडलेला आहे. टाइल्स लावण्याआधी निदान 48 तास पाणी भरून ठेवून खालच्या छताला ओल येते का ते तपासा, असे मी लेखी मागितले. ‘सात दिवसांत बाथरूम’ या योजनेत तेवढा वेळ बसत नाही, असे आपल्या कार्यालयाने कळवले. मला सात दिवसांत बाथरूम नको आहे. मला खालच्यांच्या छतावर डाग न पडणारे बाथरूम हवे आहे. 2 किलोवॉटच्या गिझरसाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे बटणही कोटेशनमध्ये नाही.

या सगळ्या बाबी कळवल्यावर उत्तर आले की डिझाइन ‘फ्रीझ’ झाले आहे, बदलाचे वेगळे पैसे पडतील आणि रक्कम परत मिळणार नाही. ज्या अटींचा आपण दाखला देता त्या मला पैसे भरल्यानंतर ॲपवर दिसल्या. मी कुठलीही हौस म्हणून बदल मागत नाही. पहिल्या दिवशी सांगितलेलेच मागते आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि अन्याय्य करार या दोन्हींविरुद्ध ग्राहकाला दाद मागता येते, आणि सेवेतील त्रुटीसाठी मी जिथे राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तर अन्याय्य करारासाठी राज्य आयोगाकडे मला जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही मी तक्रार नोंदवू शकते. तशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

माझी मागणी अशी. सामान अजून आलेले नाही आणि काम सुरू झालेले नाही, त्यामुळे 85,000 रुपये पूर्ण परत करावेत. आपल्याला काम करायचेच असेल, तर डिझायनर आणि प्लंबर या दोघांनी मिळून घरी यावे, आउटलेट, कोब्याची खोली आणि पाण्याचा दाब आमच्यासमोर मोजावा, आणि पाइप, ढाळ व उंचीच्या मापांसह नकाशा कोणतेही जादा पैसे न घेता द्यावा. आई त्या वेळी घरी असेल. तिला एकदा उठता-बसताना आणि दारातून वॉकर वळवताना पाहा, मग दांडी कुठे लावायची ते ठरवा.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपली,
(सही)
ठाणे

सोबत: पहिल्या भेटीचा फॉर्म, कोटेशन, पैसे भरल्याच्या पावत्या व पत्रव्यवहार यांच्या प्रती