आत्यांना विचारून घे, आणि लिहून ठेव

चि. सई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोठ्या आत्यांना काल घरी आणलं. पाय बरा होईल म्हणतात. पण मला त्यांनी दोनदा 'सुमन' म्हणून हाक मारली. तू घाबरू नकोस, फक्त कळवते आहे.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीचे फोटो पाहिले. मोडी तू न अडखळता वाचलीस, हे मी इथे येईल त्याला सांगते. बाबा असते तर... असो. पण ते सगळं अजून फोनमध्येच आहे ना? कोणत्या उपाध्यायांकडे, कोणत्या गावाची वही, कितवं पान, हे आज तुझ्या डोक्यात आहे, पुढच्या दिवाळीला नसेल. एकेक प्रश्न घेऊन नीट अहवाल लिही. पणजोबा कधी वारले, कशाने? कुठे शोधलंस, काय मिळालं, आणि जिथे काहीच मिळालं नाही तेही लिही. नाहीतर पुढचा माणूस पुन्हा तीच दप्तरं सोडत बसेल.

भाऊकाकांशी वाद नको. ते प्लेग म्हणतात, तू इन्फ्लुएंझा. ट्रंकेतल्या चोपडीत आहे 'माघ वद्य पंचमी, शके 1840, तापाने'. शकात 78 मिळवून तू 1918 धरलंस, पण माघ म्हणजे इंग्रजी वर्ष उलटलेलं, तिथे 79 मिळवायचे. 1919चा फेब्रुवारी येतो. इन्फ्लुएंझाच्या साथीचा मोठा कहर तर 1918च्या पावसाळ्यानंतरचा. श्राद्ध माघातच होतं, म्हणजे तिथी जुळते, पण आजार कुठला ते त्याने कळत नाही. अहवालात 'ताप' एवढंच लिही. तुझा अंदाज वेगळा, काकांचं म्हणणं त्यांच्या नावाने वेगळं. आणि तहसील कचेरीतला गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, पाहिल्याशिवाय प्रकरण मिटलं म्हणू नकोस.

फार शिकवायला लागले बघ. रागावू नकोस.

पण पणजीचं काय? जमिनीच्या फेरफारात वारस म्हणून मुलगेच. श्राद्धात तिचं नाव घेतात, तेही सासरचं. माहेरचं नाव, माहेरचं गाव कुठल्याच कागदात नाही. मी नवी लग्न होऊन आले तेव्हा आत्या पडवीत पावटे सोलत मला एकेकीचं माहेर सांगायच्या, कुणाला किती दूर दिलं, कोण परत आलीच नाही. मी मान डोलवायचे, हात पावट्यात. आता ते सांगणारं तेवढं एकच माणूस आहे, सई.

दुपारी चहानंतर त्या ताज्या असतात. रेकॉर्ड करायला फोन समोर धरण्याआधी 'चालेल का' म्हणून त्यांना विचार. कुठल्या दिवशी बोलल्या, समोर कोण होतं, कुठे अडखळल्या, सगळं लिही. त्यांचे शब्द सुधारू नकोस. चुकीचं नाव घेतलं तरी तेच लिही, शेजारी तुझी शंका.

कामाचं बघून ये म्हणणार होते. नको, येत्या रविवारीच ये.

तुझी,
आई