ताई, त्या पहिल्या ओळीसाठी

प्रिय ताई,

आपण कधी भेटलो नाही. ग्रुपवर तुम्ही लिहिता, मी वाचतो, एवढीच ओळख. तरीही हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही मला जे दिलंत ते आणखी कुणाच्या तरी कामी येईल.

माझ्या धाकट्या भावाने आत्महत्या केली. त्यानंतर कित्येक महिने मोबाइल हातात घ्यायचीच धास्ती वाटायची. एकदा बसमध्ये असताना नोटिफिकेशन आलं आणि पोस्ट न उघडताच कुणाच्या तरी मृत्यूचं वर्णन डोळ्यांसमोर. मी पुढच्याच थांब्यावर उतरलो. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग एक दिवस तुमची पोस्ट आली. वर सूचना एवढीच: ‘पुढे आत्महत्येचा उल्लेख आहे. ती कशी केली याचं वर्णन नाही. मागे राहिलेल्या घरच्यांबद्दल आहे.’ खाली बरीच जागा मोकळी, मग मजकूर. त्या दिवशी मी तो वाचला नाही. रविवारी बायकोला शेजारी बसवून वाचला, शेवटपर्यंत. त्या दुपारी आम्ही भावाबद्दल पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो.

अशी सूचना कशी लिहायची हे नंतर मी विचारलं, तेव्हा तुम्ही किती मनापासून समजावलंत! नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे शब्द दिसतात, म्हणून सूचना अगदी वर हवी. नुसतं ‘संवेदनशील मजकूर’ लिहिलं तर वाचणारा अंधारातच राहतो. विषय सांगायचा, तपशील नाही. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर सूचनेमागे मजकूर झाकता येतो, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा (||) देऊन. डिस्कॉर्डवर फोटो मात्र वेगळा झाकावा लागतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वर सूचना दिली म्हणून खाली काहीही लिहायची मुभा मिळत नाही. आत्महत्येची पद्धत सविस्तर सांगू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही माध्यमांना सांगत आली आहे.

अशा सूचनांवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये आला. सूचनेने त्रास कमी होत नाही, उलट वाचण्याआधीची धाकधूक थोडी वाढते, असं त्यात दिसलं. मी तो तुम्हाला पाठवला, तेव्हा तुम्ही लिहिलंत, ‘असेलही. मी त्रास घालवायला लिहीत नाही, वाचणाऱ्याला आपली वेळ ठरवता यावी म्हणून लिहिते.’ माझा अनुभव अगदी हाच आहे. धाकधूक मलाही झाली होती, पण कधी आणि कुणाच्या सोबतीने वाचायचं हे माझ्या हातात होतं.

गेल्या आठवड्यात मी भावाबद्दल ग्रुपवर पहिल्यांदाच लिहिलं. सगळ्यात जास्त वेळ वरच्या ओळीला लागला. तीनदा खोडून लिहिली. संध्याकाळी एकाचं उत्तर आलं: ‘आज जमणार नाही, पण नक्की वाचेन.’

तुमचा,
ग्रुपमधला एक भाऊ