आधी टेस्ट, मग क्लास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सॉफ्टवेअर क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना शिकवण्याचं काम मी करते. ‘सॉलिड’ची, म्हणजे चांगल्या कोडरचनेची, पाचही तत्त्वं त्यांना तोंडपाठ असतात. प्राणी, मग त्याचा कुत्रा नि मांजर, ही इनहेरिटन्सची (वारशाने गुण घेण्याची) आकृती तर डोळे मिटून काढतात. पण स्वतः लिहिलेल्या क्लासची, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणाऱ्या कोडच्या तुकड्याची, रचना बरी की वाईट, हे त्यांना सांगता येत नाही. ते ओळखायचं कसं, हे कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डिझाइन, म्हणजे प्रोग्रॅमची अशा क्लासमध्ये मांडणी, शिकवताना सुरुवातीपासून टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड, आधी लिहून घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

ग्रंथालयाचा विलंब दंड काढणारा क्लास घ्या. मुलं एकाच मेथडमध्ये (क्लासमधल्या एका कृतीच्या कोडमध्ये) कॉम्प्युटरची आजची तारीख वाचतात, डेटाबेस उघडतात, दंड मोजतात आणि सभासदाला ई-मेलही धाडतात. ‘3 दिवस उशीर, तर 3 दिवसांचा दंड’ एवढी साधी टेस्ट. पण आज पास झालेली ती उद्या नापास होते, कारण तारीख पुढे सरकलेली असते. शिवाय दर वेळी खरा ई-मेल जातो.

हीच टेस्ट आधी लिहायला घेतली की तारीख बाहेरून द्यावी लागते. ई-मेल पाठवणं एका इंटरफेसमागे जातं (काय करायचं एवढंच तो सांगतो, कसं ते नाही), टेस्टपुरता तिथे मॉक, म्हणजे खऱ्याच्या जागी नकली भाग, बसतो. डेटाबेसचंही तसंच. क्लासमध्ये उरतो फक्त दंडाचा हिशोब. एका क्लासला एकच जबाबदारी आणि डिपेंडन्सी इन्व्हर्जन (थेट डेटाबेस वा ई-मेलवर नव्हे, तर इंटरफेसवर अवलंबून राहणं), ‘सॉलिड’मधली ही दोन्ही तत्त्वं मुलांच्या हातून गरजेपोटी उतरतात. व्याख्या मी नंतर सांगते, तेव्हा ती लगेच पटते.

पुढे एका टेस्टला सात-आठ मॉक लागू लागले, तर दोष टेस्टचा नसतो. क्लास फार जणांवर अवलंबून आहे, तो फोडायला हवा. मात्र टेस्ट लिहिली, ती हिरवी (पास) झाली की थांबायचं, ही सवय घातक आहे. रिफॅक्टरिंगची, म्हणजे काम तेच ठेवून कोडची रचना सुधारण्याची, तिसरी पायरी गाळली तर टेस्ट वाढतात, डिझाइन तिथेच राहतं.

केंट बेक आणि एरिक गामा यांनी जेयुनिट हे जावा भाषेसाठी टेस्ट लिहिण्याचं साधन लिहिलं 1997 मध्ये. आज बहुतेक भाषांसाठी अशी साधनं मोफत मिळतात. वेळ जास्त जातो, ही तक्रार सुरुवातीला खरी आहे, पण शिकण्याचा वेळ तोच तर आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेत नुसतं आउटपुट पाहून गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याच्या टेस्ट तपासाव्यात, मग दंडाचा नियम ऐनवेळी बदलून द्यावा आणि त्यापायी किती क्लासना हात लावावा लागतो, त्यावर गुण ठरवावेत.

आपली,
एक सॉफ्टवेअर प्रशिक्षक