कार-टी : इंजेक्शनाच्या आधीचे आणि नंतरचेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्यांना कर्करोगावर सोडणाऱ्या कार-टी उपचाराची बातमी आली की 'एका इंजेक्शनात कर्करोग बरा' हे शीर्षक ठरलेलेच. पेशींची पिशवी शिरेतून चढायला बहुधा अर्धा तासही लागत नाही हे खरे, पण यशापयशाचा बराचसा निकाल त्याच्या काही आठवडे आधीच लागलेला असतो. त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

या औषधाचा कच्चा माल म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. रक्तातून हव्या तेवढ्याच पेशी वेगळ्या करणाऱ्या अफेरेसिस यंत्रावर तीन-चार तासांत त्या काढून घेतात. प्लेटलेट दिलेल्यांना हे यंत्र ओळखीचे असेल. मग प्रयोगशाळेत निर्धोक केलेल्या लेंटिव्हायरस या विषाणूकरवी त्यांत नवे जनुक घालतात आणि बी-पेशींवरचे (या अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) सीडी-१९ हे प्रथिन ओळखून त्यावर तुटून पडणाऱ्या पेशी वाढवतात. आता बेंडामस्टिनसारखी केमोची औषधे नुकतीच घेतलेली असतील, तर टी-पेशी संख्येने कमी आणि दमलेल्या निघतात. त्या वाढत नाहीत, कधी अख्खी बॅच वाया जाते. स्टिरॉइडही संकलनाआधी निदान तीन दिवस बंद लागते. म्हणून बी-पेशींचा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) किंवा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) उलटला की केमोची पुढची फेरी सुरू होण्याआधीच कार-टी केंद्रात चौकशी करावी. 'आधी हे करून बघू, मग ते' यात पेशी हातच्या जातात.

तयार पेशी द्रव नायट्रोजनच्या वाफेत गोठवून येतात. रुग्णाला आधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधे तीन दिवस देतात, म्हणजे नव्या पेशींना जागा होते. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवली की लगेच चढवायची. इथे एक चूक हमखास होऊ शकते : कर्करोगाच्या वॉर्डात रक्त चढवताना पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावायची सवय असते. तो इथे लावला तर लाखोंचे औषध फिल्टरमध्येच अडकेल.

पुढे ताप. तो ३८ अंशांवर गेला की सायटोकाइनचा उद्रेक, म्हणजे खवळलेल्या पेशींनी सोडलेल्या दाहक रसायनांचा पूर, धरून चालतात; जंतुसंसर्गाचा शोध आणि प्रतिजैविके सोबत सुरू होतात. रक्तदाब किंवा ऑक्सिजन घसरल्यास हा उद्रेक आवरणारे टोसिलिझुमॅब हे औषध, किलोमागे ८ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त ८००. मेंदूवरचा परिणाम ओळखायची युक्ती मात्र बिनखर्चाची आहे : रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात. काल सरळ आलेली ओळ आज तिरपी गेली, अक्षरे एकमेकांवर चढली, तर डॉक्टर लगेच सावध होतात. नातेवाइकांनी तो कागद जपून ठेवावा.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ या भारतीय कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते तो उपचार खुला झाला. अमेरिकेत २०१७ साली पहिल्या कार-टीची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती, इथे ती तीस-चाळीस लाख रुपयांच्या घरात आली. कौतुक व्हायलाच हवे, पण ही मान्यता बी-पेशींच्या कर्करोगांपुरती आहे हेही ठळक छापा. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण उगाच आशेने फेऱ्या मारतात. सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असते, त्याही मरतात, पण त्यांच्यावाचून शरीर काही काळ तगते. घन गाठींत असे बिनधोक लक्ष्य सहसा सापडत नाही.

बी-पेशी गेल्या की अँटिबॉडीही घटतात. काहींना महिनोन्‌महिने इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) शिरेतून द्यावे लागते, आणि ते स्वस्त नसते. रुग्णालय जो खर्चाचा आकडा सांगते त्यात हे, टोसिलिझुमॅब आणि अतिदक्षता विभागातले दिवस धरले आहेत का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

आपला,
रक्तसंक्रमण विभागातील एक वाचक, पुणे