धाकट्या आजोबांच्या फोटोखाली काय लिहायचं

बर्मिंगहॅम

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

धाकट्या आजोबांचा फोटो मोठा करून घेताय, फार बरं झालं. (एकोणीस वर्षांच्या पोराला आपण सगळे आजोबा म्हणतो!) फक्त त्याखाली ‘घाईमुळे अपघाती निधन’ लिहू नका. रेल्वेच्या पत्रात ‘यार्डात वाघिणी जोडताना बफरांमध्ये सापडून’ एवढंच आहे. (वाघिणी म्हणजे मालाचे डबे; बफर म्हणजे डब्यांच्या टोकांना असलेले, धक्का झेलणारे दांडे.) घाई आपल्या घरच्यांनी जोडली.

त्या काळच्या चारचाकी वाघिणींना एकमेकींना जोडायला स्क्रू कपलिंग असायचं. ते बाहेर उभं राहून लागत नाही. माणसाला बफरखालून वाकून दोन वाघिणींच्या मध्ये शिरावं लागतं, लोखंडी कडी उचलून समोरच्या हुकात टाकावी लागते आणि मग दांडा फिरवून स्क्रू आवळावा लागतो. इथे ब्रिटनमध्ये जुन्या मालडब्यांना साध्या साखळीच्या कड्या असत, त्या लांब काठीच्या आकड्याने बाहेरूनच अडकवता येत. स्क्रूला ती सोय नाही.

नियम असा, की गाडी पूर्ण थांबून बफर टेकल्याशिवाय आत जायचं नाही. बफर टेकलेले असले तर मधल्या जागेत माणूस उभा राहू शकतो. जीव जातो तो बफरांच्या रेषेतून आत-बाहेर करताना. आणि टेकले म्हणजे थांबले असंही नाही. बफरांत स्प्रिंगा असतात. इंजिनाने दाबल्या की त्या उलट ढकलतात आणि वाघिणी पुन्हा हलतात. शंटिंगच्या वेळी, म्हणजे यार्डात डबे हलवून जोडताना, व्हॅक्यूम ब्रेकचे पाइप बहुधा जोडलेले नसतात, त्यामुळे मागच्या वाघिणींना ब्रेक फक्त हाताचा. त्यात वळणावर ड्रायव्हरला हातबत्ती दिसत नाही. रात्रपाळी आणि श्रावणातला पाऊस, म्हणजे पायाखालीही ओलं. अशा ठिकाणी सावध माणूसही सापडतो. पुढे मालगाड्यांना मधोमध आपोआप अडकणारं कपलिंग आलं, ते उगाच नाही.

आता कागदांचं. त्यांच्या रेल्वेच्या पासावर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) छापलंय. ५ नोव्हेंबर १९५१ ला त्या रेल्वेची मध्य रेल्वे झाली. म्हणून चौकशी मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात करा, इतवारी-मोतीबागेकडे नको; ती बाजू बंगाल नागपूर रेल्वेची होती. सेवापुस्तक मिळेलच असं नाही, जुनं दप्तर ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. पण १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मृत्यूची भरपाई थेट वारसांच्या हाती देता येत नसे, आयुक्तांकडे जमा करावी लागे. मोठ्या आजोबांच्या ट्रंकेत त्याची पावती किंवा आदेश असेल तर त्यावर तारीख, हुद्दा आणि पगार तिन्ही सापडतील.

नागपूरच्या मेयो हॉस्पिटलात नेलं होतं म्हणता, तर मृत्यूची नोंद शहराच्या दप्तरी हवी. जुनी रजिस्टरं नोंदीच्या क्रमाने असतात, नुसत्या नावावर कोणी शोधून देणार नाही. तारीख लागेल, आणि आपल्याकडे तिथी आहे: श्रावण वद्य षष्ठी. ती काढताना मराठी पंचांगच घ्या. हिंदी पंचांगात हाच पक्ष भाद्रपद कृष्ण म्हणून येतो. शेजारच्या पंडितजींना विचारलंत तर एक महिना आधीची तारीख हाती येईल. शिवाय आपला दिवस सूर्योदयाला बदलतो आणि सरकारी मध्यरात्री, म्हणून अलीकडचा-पलीकडचा दिवसही पाहायला सांगा. त्याच दिवसांचा ‘हितवाद’ पेपर कुठल्या ग्रंथालयात जपलेला असला तर तोही चाळा. यार्डातल्या एका मृत्यूची बातमी दोन ओळींची असेल, आतल्या पानावर.

फोटोखाली नाव, जन्मसाल, तिथी आणि ‘रेल्वेत कामावर असताना निधन’ एवढं पुरे. हुद्दा कागद मिळाल्यावरच घाला. पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) की शंटिंग पोर्टर, अंदाजाने नको.

पत्र आणि पास दोन्ही बाजूंनी स्कॅन करून पाठवायला मुलांना सांगा. पासाच्या मागचा शिक्का मोबाइलच्या फोटोत वाचता येत नाहीये.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला पुतण्या